वेगाचा पुरावा : घड्याळ, साक्षीदार आणि पथकर-नाके

मोटारीचा वेग डोळ्यांना दिसतो, परंतु डोळ्यांनी मोजता येत नाही. म्हणूनच वेगमर्यादेच्या अंमलबजावणीचा इतिहास यंत्रांच्या प्रगतीचा जितका आहे, तितकाच तो पुराव्याविषयीच्या सावधगिरीचाही आहे. रडारवाचून वेग ठरविण्याची जी रीत वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर आढळते, तिचे मूळ याच सावधगिरीत शोधावे लागते.

१९०३ च्या ब्रिटिश मोटार कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली. त्याचबरोबर, केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून ही मर्यादा ओलांडल्याबद्दल कोणासही दोषी ठरवू नये, असेही बंधन घातले. तेव्हा पोलिसांनी घड्याळाचा आश्रय घेतला. मोजलेल्या अंतराच्या दोन टोकांस शिपाई उभे राहत आणि मोटारीस लागलेला वेळ टिपीत. ताशी २० मैल वेगाने एक फर्लांग कापण्यास साडेबावीस सेकंद लागतात. अर्थात एका सेकंदाच्या चुकीनेही हिशेबात ताशी सुमारे एक मैलाचा फरक पडे.

हेच तत्त्व १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातून हिंदुस्थानात आले. वर्धा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली, नियम मात्र टिकला. एकाच साक्षीदाराचे मत यांत्रिक साधनाने काढलेल्या अनुमानावर आधारलेले नसेल, तर तेवढ्यावर शिक्षा होऊ नये, हे कलम १९८८ च्या कायद्यातही कायम राहिले. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात ‘इलेक्ट्रॉनिक’ साधनाची भर घातली.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. वर्धा जिल्ह्यात तो सेलू, वर्धा व आर्वी या तालुक्यांतून जातो. पथकर अंतरानुसार घेतला जात असल्याने वाहनाच्या प्रवेशाची व निर्गमनाची वेळ नाक्यांवर नोंदली जाते. या नोंदींच्या तुलनेवरून अतिवेगवान वाहने हुडकण्याचा उपाय परिवहन विभागाने २०२३ मध्ये योजिला. मोटारींना सपाट प्रदेशात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तेव्हा ६० किलोमीटर अंतर अर्ध्या तासाच्या आत कापणाऱ्याने ती ओलांडली, हे उघड होय. फर्लांगाची जागा येथे लांब पल्ल्याने घेतल्यामुळे सेकंदाची चूक नगण्य ठरते.

तथापि या पुराव्यास एकच धार आहे. सरासरी मर्यादेबाहेर गेली, तर वेग कोठेतरी मर्यादेबाहेर होताच. परंतु सरासरी मर्यादेत राहिली म्हणून वेग सर्वत्र मर्यादेत होता, असे सिद्ध होत नाही. वाटेत घटकाभर विसावणारा चालक आपला अतिवेग सहज झाकू शकतो.

१ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्यास जाणाऱ्या बसला आग लागून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यांत वर्धा जिल्ह्यातील प्रवासीही होते. परिवहन अधिकाऱ्यांच्या प्राथमिक अहवालात महामार्गावरील प्रवेशाची वेळ व अपघाताची वेळ यांवरून सरासरी वेग काढून अतिवेगाचे कारण नाकारण्यात आले. त्या क्षणी बसचा वेग अधिक होता, असे मानण्यास यातून आधार मिळत नाही. पण तो अधिक नव्हता, हेही केवळ सरासरीवरून ठरत नाही. दोष शाबीत करण्यास समर्थ असलेले साधन निर्दोषत्व शाबीत करण्यास अपुरे पडते. एका साक्षीदाराच्या मताविषयी १९०३ मध्ये बाळगलेली सावधगिरी म्हणूनच नाक्यावरील घड्याळाच्या बाबतीतही सोडून चालणार नाही.