वस्तुसंग्रहालयांचा योगक्षेम

मुंबई-गोवा महामार्गावरील हातखंबा हें गांव प्रवाशांना तिठा म्हणून परिचित आहे. रत्नागिरीकडे जाणारा रस्ता येथें महामार्गापासून फुटतो. कोल्हापुराहून आंबा घाट उतरून, साखरपें, पाली अशीं गांवें मागें टाकीत येणारी वाटहि येथेंच मिळते. या तिठ्याच्या परिसरांत, फार दूर न जातां, चार प्रकारचे संग्रह पाहावयास मिळतात. रत्नागिरी शहरांत ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा आहे व त्यांत राज्य सरकारचें वस्तुसंग्रहालय आहे. टिळक आळींत लोकमान्यांचें जन्मस्थान स्मारक म्हणून जतन केलेलें आहे. झाडगांवांत कोंकण कृषि विद्यापीठाच्या संशोधन केंद्रांत सागरी जीवांचे नमुने आणि देवमाशाचा अवाढव्य सांगाडा मांडलेला आहे. आणि उक्षी, जांभरुण, कशेळी या गांवांच्या सड्यांवर, उघड्या आकाशाखालीं, कातळांत कोरलेलीं प्राचीन चित्रें आहेत. पहिल्या दोहोंचा सांभाळ सरकार करतें, तिसऱ्याचा विद्यापीठ करतें. चौथ्याला मात्र भिंत नाहीं, छप्पर नाहीं, कुलूप नाहीं.

संग्रह करणें आणि संग्रहालय चालविणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी होत. पहिलीला एका माणसाचा ध्यास पुरतो. दुसरीला पिढ्यान् पिढ्या टिकणारी व्यवस्था लागते. नसलेली वस्तु मिळविणें हा योग आणि मिळालेली राखणें हा क्षेम, असा अर्थ आपल्या जुन्या भाष्यकारांनीं सांगितला आहे. महाराष्ट्रांतील वस्तुसंग्रहालयांचा सुमारें एकशें सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर योगाला येथें फारसा तोटा पडलेला दिसत नाहीं. अडचण आली ती बहुधा क्षेमाच्या बाजूला. पैसा, सहकार्य आणि शिक्षित माणूस या तिहींपैकीं एक जरी उणें पडलें, तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग होत नाहीं.

मुंबईंतील पहिल्या संग्रहालयाची कथा या दृष्टीनें बोधप्रद आहे. १८५५ सालीं पॅरिस येथें भरलेल्या प्रदर्शनाच्या निमित्तानें मुंबई इलाख्यांतील कारागिरीचे व कच्च्या मालाचे नमुने गोळा करण्यांत आले. त्यांतून कोटांतील बराकींत एक संग्रहालय उभें राहिलें. परंतु १८५७ च्या धामधुमींत सैन्याला त्या बराकी हव्या झाल्या आणि संग्रहाची वाताहत झाली. पुढें डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड व नाना शंकरशेट यांच्या खटपटीनें नागरिकांच्या वर्गणींतून स्वतंत्र इमारत बांधण्याचें ठरलें आणि १८६२ सालीं तिची पायाभरणी झाली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें त्या वेळीं मुंबईच्या कापसाला सोन्याचें मोल आलें होतें व देणारे हात सढळ होते. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि बांधकाम रखडलें. शेवटीं सरकारनें भार उचलला, तेव्हां २ मे १८७२ रोजीं भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील हें संग्रहालय लोकांना खुलें झालें. वर्गणीनें काम सुरू होऊं शकतें. तें पुरें करण्याला व चालविण्याला बाजाराच्या तेजीमंदीवर न हेलकावणारें उत्पन्न लागतें.

हा धडा पुढच्या पिढीनें ध्यानांत ठेवलेला दिसतो. प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजीं बसली. राजपुत्राच्या भेटीच्या स्मारकासाठीं जमलेल्या निधींत सरकारनें ३ लाख व म्युनिसिपालिटीनें अडीच लाख रुपये घातले. सर करीमभाई इब्राहिम यांनीं ३ लाख व सर कावसजी जहांगीर यांनीं ५० हजार रुपये दिले. परंतु या रकमांहून अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, कीं १९०९ च्या मुंबई कायदा क्रमांक ३ अन्वयें या संस्थेला कायदेशीर अस्तित्व प्राप्त झालें. १९१४ सालीं इमारत तयार झाली आणि त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. इमारत लष्करी रुग्णालयाकडे गेली. पण संस्था मोडली नाहीं. युद्ध चालू असतांनाच १९१५ सालीं शेट पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेण्यांत आला, १९२० सालीं इमारत परत मिळाली आणि १० जानेवारी १९२२ रोजीं तिचीं दारें लोकांसाठीं उघडलीं. बराकींतील संग्रह सैन्य येतांच उधळला गेला होता. हा त्याच प्रसंगांतून सुखरूप बाहेर पडला. दोहोंमधील अंतर कायद्याच्या एका कागदाचें होतें. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांचे बहुमोल कलासंग्रह पुढें याच संस्थेकडे आले. दाता वस्तु देतो तेव्हां ती कोणाच्या हातीं राहील हेंहि पाहतो. १९९८ पासून ही संस्था छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नांवानें ओळखली जाते.

मुंबईबाहेर इतके दाते नव्हते. तेथें एकेका व्यक्तीनेंच हें काम अंगावर घेतलें. औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारलें. रविवर्म्याचीं चित्रें आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें माता व बालक हें शिल्प सातारा जिल्ह्यांतील एका लहानशा गांवांत पाहावयास मिळावें, ही किमया एका रसिक राजाची. तथापि १९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि संग्रहाचा पोशिंदाच उरला नाहीं. सरकारनें तो ताब्यांत घेतला, म्हणून तो वांचला. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलें असेल. काव्यक्षेत्रांत अज्ञातवासी म्हणून परिचित असलेले डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांनीं दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपें, वाद्यें अशा घरगुती वस्तु आयुष्यभर हिंडून जमविल्या आणि अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें नांव त्या संग्रहाला दिलें. वीस हजारांच्या घरांत गेलेला हा संग्रह त्यांनीं १९७५ सालीं राज्य सरकारच्या स्वाधीन केला. ज्या वस्तूंसाठीं जन्म वेंचला, त्या आपल्या हयातींतच दुसऱ्याच्या हवालीं करणें सोपें नसतें. केळकरांच्या थोरवींत संग्रहाइतकाच या त्यागाचाहि वांटा आहे.

पैसा आला, मालकी निश्चित झाली, तरी तिसरी गोष्ट राहतेच. न्यूयॉर्कच्या कार्नेगी कॉर्पोरेशनच्या साह्यानें ब्रिटनच्या संग्रहालय-संघानें हिंदुस्थानांतील संग्रहालयांची पाहणी करविली आणि मार्कहॅम व हारग्रीव्हज यांचा वृत्तांत १९३६ सालीं प्रसिद्ध झाला. एवढ्या विशाल देशांत संग्रहालयें शंभराच्या आसपास. त्यांतहि बहुतेकांना पुरेसा पैसा नाहीं आणि या कामाचें शिक्षण घेतलेला माणूस तर दुर्मिळच, असें त्यांतून दिसून आलें. १९४४ सालीं भारतीय संग्रहालय-संघ स्थापन झाला. १९५२ सालीं बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत संग्रहालयशास्त्राचें अध्यापन सुरू झालें. सयाजीराव महाराजांनीं उभारलेलें संग्रहालय त्या शहरांत आधींपासूनच होतें, त्यामुळें विद्यार्थ्यांना शिकावयास वस्तु हातांशीं होत्या. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाशीं संलग्न अशी शिक्षणसंस्था १९८९ सालीं निघाली.

या शिक्षणाचें महत्त्व एका घरगुती उदाहरणानें कळेल. देवघरांतील पितळी मूर्ति चिंचेनें घांसून लखलखीत करणें हें आपल्या घरांत पुण्यकर्म मानतात. संग्रहालयांतील हजार वर्षांपूर्वींच्या कांस्यमूर्तीला तीच सेवा केली, तर तिच्यावरचा काळाचा लेप जातो, बारीक कोरीव काम झिजतें आणि अभ्यासकाला हवा असलेला पुरावा नाहींसा होतो. सद्भावना तीच, परंतु परिणाम उलटा. कोंकणांत तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. चार महिन्यांचा मुसळधार पाऊस, समुद्रावरून येणारी खारी हवा, कागदाला येणारी बुरशी, लांकडाला लागणारी वाळवी यांच्याशीं बारा महिने झगडावें लागतें. या झगड्यांत इमारत बांधणाऱ्या दात्यापेक्षां दररोज हवेंतील दमटपणा मोजून वहींत टिपणारा सेवक अधिक मोलाचा ठरतो. पण दात्याचें नांव संगमरवरावर कोरलें जातें आणि सेवकाची जागा वर्षानुवर्षें रिकामी राहते.

अलीकडच्या काळांत या तिन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा प्रयत्न झाला, तो पुन्हां भायखळ्याच्याच संग्रहालयांत. १९७५ सालीं त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव देण्यांत आलें होतें. पण वास्तु जीर्ण झाली होती. २००३ सालीं मुंबई महानगरपालिका, इंटॅक ही वारसा जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यांत करार झाला. मालकी पालिकेची, पैशाचें साह्य प्रतिष्ठानाचें, जाणकारी इंटॅकची, अशी ही वांटणी होती. जीर्णोद्धाराच्या कामाला २००५ सालीं युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ सालीं संग्रहालय पुन्हां उघडलें. दुसरें उदाहरण परदेशाशीं केलेल्या सहकार्याचें. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें २०२३ सालीं झालेल्या करारान्वयें तीन वर्षांसाठीं महाराष्ट्रांत आलीं व जुलै २०२४ मध्यें साताऱ्याच्या संग्रहालयांत मांडण्यांत आलीं. हींच अफजलखानाच्या वधाच्या वेळचीं काय, हें खात्रीनें सांगतां येत नाहीं, असें लंडनच्या संग्रहालयानेंच नमूद केलें आहे. गर्दीचें लक्ष शस्त्राकडे गेलें हें स्वाभाविक होय. परंतु वस्तु उसनी देतांना देणारा प्रथम घेणाऱ्याची कांच, कुलूप आणि पहारा पाहतो. अशा करारानें एका गांवचें संग्रहालय जगाच्या कसोटीला उतरतें, हा त्याचा टिकाऊ लाभ होय.

आतां पुन्हां रत्नागिरीकडे पाहूं. थिबा राजाला १८८६ सालीं येथें कैदी म्हणून आणलें. १९१० सालीं तो या राजवाड्यांत राहावयास आला आणि १९१६ सालीं येथेंच वारला. १९१९ सालीं त्याचें कुटुंब मायदेशीं परतलें व घर रिकामें झालें. वास्तु भक्कम म्हणून ती टिकली. घरांतल्या माणसांच्या हातांतलें सामानसुमान त्याच प्रमाणांत राहिलें नाहीं. ज्या काळीं तें जपणें शक्य होतें, त्या काळीं तें जपण्याची जबाबदारी कोणाची हें ठरलेलें नव्हतें.

कातळशिल्पांच्या बाबतींत तीच चूक पुन्हां घडूं नये, हा आजचा प्रश्न आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, प्रा. सुरेंद्र ठाकुरदेसाई आणि निसर्गयात्री संस्थेची मंडळी यांनीं सडे पायाखालीं घालून शेंकडों आकृति उजेडांत आणल्या. कशेळीचा हत्ती सुमारें १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून त्याच्या पोटांत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. या चित्रांच्या काळाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. तीं मध्याश्मयुगाइतकीं जुनीं असावींत असा अनेकांचा कयास आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील सात, सिंधुदुर्गांतील कुडोपी आणि गोव्यांतील फणसईमाळ अशीं नऊ स्थळें २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादींत आलीं. आय. आय. टी. मद्रासच्या सहकार्यानें रत्नागिरींत या विषयाचें संशोधन केंद्रहि उभें राहिलें आहे. योग येथवर साधला.

क्षेम मात्र अजून व्हावयाचा आहे. हीं चित्रें ज्या जांभ्यांत कोरलेलीं आहेत, त्याच जांभ्याचे चिरे काढून कोंकणांत घरें बांधतात. चिरेखाणीचें यंत्र एका दिवसांत जें कापून नेईल, तें कोणत्याहि निधीनें परत येणार नाहीं. कातळ उचलून मुंबईच्या दालनांत ठेवतां येत नाहीं. म्हणून येथें संग्रहालयालाच सड्यावर जावें लागेल. ज्याच्या जमिनींत चित्र आहे त्या शेतकऱ्याला मोबदला, ग्रामपंचायतीला निधीचा वांटा आणि गांवांतील तरुणांना चित्र दाखविण्याचें व राखण्याचें शिक्षण, अशी त्याची व्यवस्था असली पाहिजे. उक्षीच्या हत्तीभोवतीं गांवाच्या पुढाकारानें चिऱ्यांचा गोल कठडा बांधला गेला आहे. खाणींतून आलेला चिरा तेथें चित्राच्या रक्षणाला उभा आहे. एका गांवाला जें साधलें, तें इतर सड्यांवर साधण्यास फार मोठी रक्कम लागणार नाहीं. पण ती दरवर्षीं लागेल, आणि ती घेऊन पावसाळ्यानंतर प्रत्येक चित्राची पाहणी करणारा जाणता माणूसहि दरवर्षीं लागेल.