लहान विमानाचे दार उड्डाणात उघडणे

लहान विमानाचे दार उड्डाणात उघडणे ही खाजगी व प्रशिक्षण उड्डाणांत अधूनमधून घडणारी घटना होय. नीट न लागलेले दार बहुधा धावपट्टीवर वेग घेताना किंवा विमानाने जमीन सोडल्यावर लगेच उघडते. उघड्या दारामुळे अशा विमानाच्या उडण्याच्या क्षमतेला सहसा बाधा येत नाही. मात्र वैमानिकाचे लक्ष दाराकडे गेल्याने विमानावरील ताबा सुटल्यास प्राणघातक अपघात होऊ शकतो. फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन या अमेरिकी शासकीय संस्थेच्या ‘एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक’ या पुस्तकात आणीबाणीच्या प्रसंगांमध्ये या घटनेचा स्वतंत्र विचार केलेला आहे.

दारांची रचना

सेसना १७२ या उंच पंखांच्या विमानास दोन्ही बाजूंना एकेक दार असते. पायपर चेरोकी या खालच्या पंखांच्या विमानात मात्र उजव्या बाजूस, पंखावर उघडणारे एकच दार असते. वैमानिक डावीकडे बसत असल्याने हे दार त्याच्यापासून दूर व शेजारच्या प्रवाशाजवळ येते. चेरोकीच्या दारास कडेला एक व वर छताजवळ एक अशा दोन खिट्या असतात. या दोन्ही विमानांत दाराच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूस असतात.

विमानाचे दार उड्डाणात बंद राहिले पाहिजे आणि अपघातानंतर ते आतून व बाहेरून सहज उघडताही आले पाहिजे, अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. त्यामुळे लहान विमानांच्या खिट्या साध्या ठेवलेल्या असतात व त्या नीट लागल्याची खात्री करण्याची जबाबदारी वैमानिकावर येते.

कारणे

वरची खिटी लावण्यास विसरणे, मूठ पूर्ण न फिरवणे, पट्ट्याचे टोक किंवा कपडा दारात अडकणे आणि झिजलेल्या खिट्या ही दार उघडण्याची नेहमीची कारणे आहेत. उन्हाळ्यात धावपट्टीकडे जाताना वारा यावा म्हणून दार किलकिले ठेवले जाते व नंतर ते लावायचे राहून जाते.

विमान उभे असताना अर्धवट लागलेले दारही बंद असल्यासारखे दिसते. वेग वाढू लागला की विमानाच्या वक्र पृष्ठभागावरून हवा वेगाने वाहते व तेथील दाब आतील दाबापेक्षा कमी होतो. परिणामी दार बाहेर ओढले जाते. ही ओढ वेगाबरोबर वाढत जाते. म्हणूनच दार उघडण्याचा क्षण पुष्कळदा उड्डाणाच्या क्षणाशी जुळून येतो.

परिणाम

दार उघडताच मोठा आवाज होतो. पाठोपाठ वाऱ्याचा घोंगाट सुरू होतो, दार थरथरते, सुटे कागद उडतात आणि रेडिओवरील बोलणे ऐकणे कठीण जाते. विमान किंचित एका बाजूला वळू किंवा कलू लागते, परंतु ते सहज सावरता येते. पुढे बिजागरी असलेले दार सताड उघडत नाही. दाबातील फरक त्याला बाहेर ओढतो व समोरून येणारा वारा मागे ढकलतो, त्यामुळे ते थोडेसे उघडून तेथेच राहते. याच ओढीमुळे ते हाताने बंद करणेही अवघड जाते.

उघड्या दाराने विमान पडत नाही, याचे प्रत्यंतर नेहमीच्या वापरातही मिळते. हवाई छत्रीने उडी मारणाऱ्यांना नेणारी काही विमाने दार काढून टाकूनच उडतात. सक्तीने उतरावे लागल्यास जमिनीला टेकण्यापूर्वी दारांच्या खिट्या मुद्दाम सोडाव्यात, अशी सूचना सेसना १७२च्या पुस्तिकेत असते. आघाताने चौकट वाकून दार अडकू नये, हा त्यामागील हेतू होय.

अपघात कसा घडतो

दचकलेला वैमानिक दार ओढण्यासाठी वाकतो, आसनाचा पट्टा सोडतो किंवा तातडीने उतरण्यासाठी कमी उंचीवर तीव्र वळण घेतो. या काळात वेगाकडे दुर्लक्ष होते. समान उंची राखून ४५ अंश कलून वळताना विमानाचा किमान उड्डाणवेग सुमारे १९ टक्क्यांनी, तर ६० अंशांवर सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. प्रत्यक्ष वेग त्याखाली गेल्यास पंखांची उचल एकाएकी घटते व सावरण्यापुरती उंची उरत नाही.

वैमानिकाने करावयाची कृती

दार धावपट्टीवरच उघडले व पुढे पुरेशी धावपट्टी शिल्लक असेल, तर उड्डाण रद्द करावे. जमीन सोडल्यानंतर उघडल्यास दाराला हात न लावता सरळ चढत राहावे. नेहमीच्या उंचीवर पोहोचून नेहमीचाच फेरा घ्यावा, उतरण्यापूर्वीची तपासणी सूची पूर्ण करावी व उतरून थांबल्यावर दार लावावे.

काही विमानांच्या पुस्तिकांत हवेतच दार लावण्याची पद्धत दिलेली असते. पायपर वॉरियरमध्ये वेग कमी करून, हवेचे झरोके बंद करून व वैमानिकाजवळची छोटी खिडकी उघडून आतील दाब घटवतात आणि मग खिटी लावतात. सुरक्षित उंची गाठल्याशिवाय हा प्रयत्न करू नये.

अपवाद

प्रत्येक उघडे दार निरुपद्रवी नसते. विमानाच्या नाकातील सामानाच्या कप्प्याचे दार उघडल्यास आतील वस्तू बाहेर पडून पंख्यावर आदळू शकतात. डायमंड डीए-४० या विमानाचे मागील दार वर उघडते. ते उड्डाणात उघडून निखळल्याच्या घटनांनंतर त्याच्या अडकवणीत सुधारणा करण्याचे निर्देश निघाले.

दाबनियंत्रित प्रवासी विमानांची गोष्ट वेगळी आहे. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचे मालाचे दार निखळले. दाबातील फरकाने विमानाची जमीन खचून नियंत्रण तारा निकामी झाल्या व सर्व ३४६ जण मृत्युमुखी पडले. लहान विमानात आतला व बाहेरचा दाब जवळपास सारखा असल्याने असा स्फोटक परिणाम होत नाही.

प्रतिबंध

धावपट्टीवर शिरण्यापूर्वी वैमानिकाने प्रत्येक खिटी स्वतः पाहावी व दार बाहेरच्या दिशेने दाबून पाहावे. प्रवाशाने लावलेले दारही तपासावे. दार उघडले तर मोठा आवाज होईल, पण विमान उडत राहील आणि कोणीही दाराला हात लावायचा नाही, हे प्रवाशांना आधीच सांगून ठेवावे. भारतातील उड्डाण प्रशिक्षण संस्थांतही सेसना १७२ व डायमंड डीए-४० ही विमाने वापरली जात असल्याने या सूचना येथील प्रशिक्षणार्थींनाही तितक्याच उपयुक्त आहेत.