दिनविशेष : १९ जुलै

विश्वरचनाशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धान्त मांडला, त्याच्या मुळाशी भौतिकशास्त्रज्ञ माख यांचा विचार होता : वस्तूचे जडत्व, म्हणजे आहे ती गती टिकवून धरण्याची तिची प्रवृत्ती, हा तिचा एकटीचा गुण नसून विश्वातील उर्वरित द्रव्याशी असलेल्या संबंधातून तो येतो. पोलादपूरहून महाबळेश्वरला निघालेली एसटी आंबेनळी घाटाच्या वळणावर करकचून ब्रेक लावते तेव्हा प्रवासी पुढे झुकतो, त्यात या मतानुसार अतिदूरच्या दीर्घिकांचाही वाटा असतो.

दीर्घिका जितकी दूर, तितक्या तिच्या वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूला अधिक सरकतात, आणि या ताम्रसृतीवरून विश्वातील मोठी अंतरे काढली जातात. ताम्रसृतीवरून दिसते तसे विश्व प्रसरण पावते हे नारळीकरांना मान्य होते, त्याचा आरंभ महास्फोटात झाला हे मात्र नव्हते. १९९३ मध्ये त्यांनी हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह विश्वाला आरंभ नाही असे मानणाऱ्या स्थिर स्थितीच्या जुन्या सिद्धान्ताची सुधारित मांडणी केली, ती सर्वमान्य झाली नाही. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्र संशोधन संस्था हीच त्यांची अधिक टिकाऊ कामगिरी म्हणावी लागेल. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जन्मदिनाच्या सुमारास, आषाढात, महाड-पोलादपूरकडे सावित्रीच्या खोऱ्यावर ढगच असतात, दीर्घिका दिसत नाहीत. दिवाळीच्या अमावास्येला मात्र महाडच्या दिव्यांपासून दूर जाऊन, जिचा प्रकाश येथे पोहोचायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात ती देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी अवश्य पाहावी.