गुराब, फरगात आणि सुधारित आवृत्ती

जहाज हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मूळ अरबीत त्याचा पाण्याशी संबंध नाही. ज-ह-ज या धातूचा अर्थ सज्ज करणं, आणि त्यावरून आलेल्या जहाज शब्दाचा अर्थ सरंजाम, साहित्य, प्रवासाला निघताना बांधून घेतलेलं सामान. उर्दूत लेकीला सासरी पाठवताना देतात त्या सामानाला जहेज म्हणतात, तो शब्द याच घरातला. फारसीत सरंजामाचं नाव सरंजाम भरलेल्या वाहनाला चिकटलं आणि तेच पुढे मराठीत आलं. तारू तारून नेतं, यान जातं, नौका तर संस्कृतइतकीच जुनी. जहाज या एकाच शब्दात मात्र आत काय भरलंय याची आठवण आहे.

संगणकावरच्या अंतराळ-साम्राज्याच्या खेळांत जो भाग मला सगळ्यांत आवडतो, तो नेमका हाच आहे. ग्रह वसवणं, तह करणं, लढाया हे सगळं असतंच, पण त्याआधी एक पडदा उघडतो आणि समोर रिकामा सांगाडा येतो. त्यात इंजिन कुठलं, ढाल किती जाडीची, तोफ कुठल्या जातीची, हे आपण ठरवायचं. सांगाडा भरला की जहाज होतं, आणि भरून झाल्यावर खेळ विचारतो, याचं नाव काय?

पहिल्या वेळी नाव सुचायला अडचण येत नाही. अडचण येते ती दहा-वीस वर्षांनी, म्हणजे खेळातल्या वर्षांनी, नवं इंजिन हाती लागतं तेव्हा. सांगाडा तोच, काम तेच, आतला ऐवज नवा. १९९३ साली आलेल्या ‘मास्टर ऑफ ओरायन’मध्ये एका वेळी फक्त सहा आराखडे ठेवता येत. सातवा हवा असेल तर आधीच्या सहांतला एक मोडीत काढायचा, आणि आराखडा मोडीत गेला की त्याबरहुकूम बांधलेली सगळी जहाजंही मोडीत. त्यामुळे कोणतं नाव कोणत्या जहाजाचं, हे लक्षात ठेवणं हा जिवाशी खेळ होता. पुढे १९९६ च्या दुसऱ्या भागात जुन्या जहाजाला गोदीत नेऊन नवा सरंजाम चढवायची सोय आली. २०१६ च्या ‘स्टेलारिस’मध्ये तर आराखडा सुधारला की अख्खा ताफा एका बटणावर सुधारून घेता येतो. सोय वाढली तसा नावांचा गुंता मात्र वाढला.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या पडद्यावरची यादी अशी होती: वाघ, वाघ नवा, वाघ नवा २, वाघ ढाल, वाघ फायनल, वाघ फायनल नवा. मी विचारलं, यातला चांगला कुठला? तो म्हणाला, “मामा, ‘वाघ नवा’ आता जुना झालाय. ‘वाघ ढाल’ला ढाल हाय, पण ‘फायनल’ला त्याच्यापेक्षा मोठी हाय. ‘नवा २’ काढायचा राहिलाय नुसता.” त्याला सगळं ठाऊक होतं. पण पंधरा दिवसांनी तोच खेळ पुन्हा उघडल्यावर त्याला एकेक जहाज उघडून आत डोकवावं लागलं. ‘नवा’ हा शब्द नावात घालण्यासारखा नाहीच, कारण तो जन्मतःच जुना व्हायला लागतो.

खेळांनी सांगाड्यांना दिलेली नावं बघितली तर हा गोंधळ आजचा नाही, हे कळतं. कॉर्व्हेट, फ्रिगेट, डेस्ट्रॉयर, क्रूझर ही नावं समुद्रावरून उचलून अंतराळात नेली आहेत. क्रूझर डच भाषेतल्या आडवंतिडवं फिरण्याच्या क्रियापदावरून आलं. डेस्ट्रॉयर हे तर अर्धंच नाव आहे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉर्पेडो बोटींचा नाश करायला बांधलेल्या बोटींचं नाव लांबलचक होतं, त्यातल्या टॉर्पेडो बोटी गळून पडल्या आणि नुसता नाश करणारा उरला. ड्रेडनॉट हे एकाच जहाजाचं नाव. इंग्लंडने १९०६ साली ते समुद्रात उतरवलं आणि ते इतकं पुढचं निघालं की त्या धर्तीच्या सगळ्या युद्धनौका ड्रेडनॉट झाल्या. त्याबरोबर आधीच्या जहाजांचंही नाव बदललं. त्यांना ‘ड्रेडनॉटपूर्व’ म्हणू लागले, जरी त्यांच्या एका खिळ्यालाही कुणी हात लावला नव्हता.

आपल्याकडे हे घरोघर घडतं. धाकटा जन्मेपर्यंत कुणी थोरला नसतो. पहिल्या बाजीरावांना त्यांच्या हयातीत कोण थोरले म्हणणार? दुसरे गादीवर आले तेव्हा पहिले थोरले झाले. कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी, शाहू, राजाराम, संभाजी ही नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली, कारण नाव हा वारसा होता आणि तो सोडायचा नव्हता. मग ओळख पटवायला घरचं नाव पुढे आलं: १८१३ ते १८२१ चे शंभू छत्रपती ते आबासाहेब, त्यांच्यानंतरचे शहाजी ते बुवासाहेब, त्यांच्या मागून १८३८ साली आलेले शिवाजी ते बाबासाहेब. नाव परंपरेचं आणि ओळख माणसाची, अशी ही दुहेरी व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. इतिहासाच्या पुस्तकांत ‘शिवाजी तिसरे’, ‘शिवाजी चौथे’ असे आकडे येतात, पण बाबासाहेब म्हटलं की माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

फ्रिगेट शब्दाकडे मात्र थांबून बघायला हवं, कारण तो कोल्हापूरला तीनशे वर्षांपूर्वीच येऊन गेलाय. रामचंद्रपंत अमात्य, गगनबावड्याची जहागीर असलेले बावडेकर, यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत ‘आज्ञापत्र’ लिहिलं. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. सह्याद्रीच्या अलीकडे बसून लिहिलेलं ते प्रकरण आजच्या भाषेत सांगायचं तर चक्क जहाजाच्या आराखड्याची चर्चा आहे. अमात्यांचं म्हणणं असं की गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. गलबतंही तशीच. वारा पडला की जी जागची हलत नाहीत अशी मोठाली बांधू नयेत. आणि नकोत म्हणून ज्यांची नावं त्यांनी घेतली, त्यात फरगात आहे.

फरगात म्हणजेच फ्रिगेट. पोर्तुगीज ‘फ्रगाता’ कोकण किनाऱ्यावर उतरला आणि मराठी तोंडात फरगात झाला. आरमार हा शब्दही पोर्तुगीज ‘आर्मादा’चाच, आणि ही देवघेव नुसत्या शब्दांची नव्हती. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजं बांधायला घेतली, तेव्हा रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह त्या कामावर होता. कारागीर येतात तेव्हा हत्यारांबरोबर शब्दही घेऊन येतात.

आता गंमत बघा. भूमध्य समुद्रात हा शब्द जन्मला तेव्हा फ्रिगेट ही वल्ह्यांची लहानशी, चपळ होडी होती. अमात्यांच्या काळापर्यंत ती इतकी वाढली की वाऱ्यावाचून निरुपयोगी अशा थोर जहाजांत तिची गणना झाली. आज माझगाव गोदीने बांधलेली, १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस निलगिरी’ ही फ्रिगेट सहा हजार टनांहून जड आहे आणि तिला वाऱ्याचं सोयरसुतक नाही. ‘स्टेलारिस’मध्ये २०२२ साली फ्रिगेट आली ती पुन्हा लहान होऊन, कॉर्व्हेटच्या पंगतीला. पाचशे वर्षांत सरंजाम इतक्या वेळा बदलला, नाव तेच राहिलं. भाच्याच्या ‘वाघ’चं आणि फ्रिगेटचं दुखणं एकच आहे.

गुराब तर याहून लांबून आली. अरबीत घुराब म्हणजे कावळा. मध्ययुगात भूमध्य समुद्रातल्या अरबांच्या एका जातीच्या वल्हेकरी युद्धनौकेला कावळा म्हणत. डांबराने काळीकुट्ट रंगवलेली, पुढे चोच काढलेली नौका, असा त्याचा खुलासा करतात, आणि मला तो पटतो, कारण कोकणात पोचेपर्यंत गुराबेची वल्ही मागे पडून शिडं आली तरी चोच कायम राहिली. आंग्रेंच्या गुराबांचं इंग्रजांनी केलेलं वर्णन उपलब्ध आहे. दोन किंवा तीन डोलकाठ्या, दीडशेपासून तीनशे टनांपर्यंत वजन, उथळ पाण्यात चालेल असा रुंद तळ, आणि नाळ पुढे लांबवर निघालेली. त्या लांब नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. युरोपी जहाज कुशीतून मारा करतं, त्यासाठी त्याला आडवं व्हावं लागतं. गुराब पाठलाग करता करता मारते. सोबतीला गलबतं: फार तर सत्तर टनांची, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, वारा पडला की गुराबेला दोर लावून ओढत नेणारी. अमात्यांना मध्यम गुराब का हवी होती, ते इथे कळतं. गलबतांना ओढवेल एवढीच गुराब कामाची. इंग्रजांनी तिचा ‘ग्रॅब’ केला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ झडप घालणं, आणि या किनाऱ्यावरचा त्यांचा अनुभवही तोच.

फत्तेमारीची कथा वेगळी आहे. किनाऱ्याने माल नेणारं हे शिडाचं तारू. मूळ शब्द पट्टमार, आणि जुन्या पोर्तुगीज-इंग्रज कागदांत पट्टमार म्हणजे टपाल घेऊन पायी धावणारा जासूद. जासुदाचं नाव टपालाच्या जलद होडीला मिळालं, होडी वाढून मालवाहू झाली, आणि मराठीने त्या नावाला फत्ते जोडून दिली. पायांची वल्ही झाली, वल्ह्यांची शिडं झाली, आणि नावाला विजयाचा तुरा लागला.

याच्या उलट सरंजामाला हात न लावता नुसतं नाव बदलल्याचं उदाहरण म्हणजे सिंधुदुर्ग. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो कोल्हापूरकरांकडून घेतला आणि फोर्ट ऑगस्टस असं त्याचं बारसं केलं. पुढच्याच वर्षी किल्ला कोल्हापूरला परत द्यावा लागला. बुरूज तेच, विहिरी त्याच, आणि ऑगस्टस कुणाच्या जिभेवर राहिला नाही.

मग सुधारलेल्या आराखड्याला नाव द्यायचं कसं? भारतीय नौदलाने दोन्ही वाटा चोखाळल्या आहेत. आराखड्याला आकडा आणि अक्षर: प्रकल्प १५ ची ‘दिल्ली’ १९९७ ची, १५-अ ची ‘कोलकाता’ २०१४ ची, १५-ब ची ‘विशाखापट्टणम’ २०२१ ची. तिन्ही माझगाव गोदीच्या. अक्षर पुढे सरकलं की सरंजाम सुधारला, हे न सांगता कळतं. जहाजाला मात्र नाव, आणि तेही वारशाचं: पहिली ‘खांदेरी’ पाणबुडी १९६८ ची, ती निवृत्त झाल्यावर दुसरी २०१९ ची. दोघी एका वेळी पाण्यात नसल्यामुळे थोरली-धाकटी करावी लागली नाही.

कोल्हापूरच्या शेतकऱ्याला ही पद्धत शिकवायला नको. को ८६०३२ या उसात को म्हणजे कोइमतूर, ८६ म्हणजे १९८६ साल आणि पुढे त्या सालातला क्रमांक. महाराष्ट्रात या वाणाला नीरा असं गोड नाव मिळालं, पण बांधावर चालतो आकडाच. त्याच्यानंतरचा फुले २६५, तोही ‘दोनशे पासष्ट’. ‘को’च्या आकड्यात साल असल्यामुळे कुठला आधीचा, कुठला नंतरचा, हे रोप न बघता सांगता येतं. ‘सुधारित वाण’ हा शब्द बियाण्याच्या पिशवीवर असतो, पण तो वाणाच्या नावात सहसा कुणी घालत नाही. भाच्याच्या ‘नवा’चं औषध या शेतात आहे.

म्हणून त्याच्या यादीसाठी आम्ही असं ठरवलं: आधी जात, मग काम, मग साल. ‘स्टेलारिस’ची कालगणना २२०० पासून सुरू होते. २२४७ साली ढाल चढवलेली गुराब ती ‘गुराब ढाल ४७’. तिच्यावरच २२६३ मध्ये नवी तोफ आली तर ‘गुराब तोफ ६३’. जात ठरवताना अमात्यांचं ऐकायचं: समोर मारा करणारी मध्यम ती गुराब, तिच्या आधाराने फिरणारं चपळ ते गलबत, माल आणि वसाहतकरी नेणारं ते शिबाड, निरोप आणि टेहळणीला फत्तेमारी. सगळ्यांत थोर, अवजड जहाजाला फरगात म्हणावं असं मी सुचवलं. ते मात्र त्याने ऐकलं नाही, त्याला तिथे ‘पन्हाळा’च हवा होता. तेही बरोबर आहे, एवढ्या मोठ्या जहाजाला किल्ल्याचंच नाव शोभतं. जुन्या जहाजावर नवा सरंजाम चढवण्याच्या कामाला त्याने परस्पर ‘जीर्णोद्धार’ म्हणायला सुरुवात केली. नाव तेच ठेवून बांधणी नवी करण्याला मराठीत याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

राहिला प्रश्न ताफ्याचा. आज्ञापत्रात त्याचंही उत्तर आहे: पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा. मोगलांचा सुभा म्हणजे प्रांत, जमिनीचा तुकडा. अमात्यांनी तोच शब्द पाण्यावरच्या ताफ्याला लावला. एकास तीन हे प्रमाण अंतराळातही वाईट चालत नाही, मोठ्या जहाजांभोवती लहानांचं कडं असलं की शत्रूचा मारा विखुरतो. भाच्याच्या पहिल्या ताफ्याचं नाव आता ‘सुभा मालवण’ आहे. मालवणचं बंदर १८१२ च्या तहाने इंग्रजांकडे गेलं, तोवर ते कोल्हापूरचंच होतं.