लोखंडाच्या इतिहासातून निसटलेला दगड

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, लोखंडाचा इतिहास सांगताना आपण खनिजापासून सुरुवात करतो आणि भट्टीपाशी थांबतो. 1882 साली रिटर फॉन श्वार्त्झ यांनी इथल्या लोखंडाविषयी अहवाल दिला, त्यावरून जमशेटजी टाटांचे लक्ष लोहाऱ्याच्या टेकडीकडे वळले, पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामी उतरला नाही. ही हकिकत अनेकांनी लिहिली आहे. 1982 मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी तिथल्या सुरजागडच्या लोहखाणीच्या निमित्ताने बोलणे पुन्हा खनिजाचेच होते. पण घडवलेल्या लोखंडाला धार दगडच देतो. त्या दगडाची पारख हेही लोखंडाच्या संस्कृतीचेच अंग आहे, आणि न्हाव्याच्या वस्तऱ्याइतकी तिची कसोटी दुसरे कोणतेही हत्यार घेत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की दगडांच्या या मुलखात पारख कसली करायची? चंद्रपूरचा परकोट वालुकाश्माचा आहे. विळा-कुऱ्हाडीला तो दगड चालतोही. पण भूशास्त्राच्या मोजणीत वाळूचा लहानात लहान कणसुद्धा सुमारे 62 मायक्रॉनचा असतो, म्हणजे जवळजवळ माणसाच्या केसाएवढा. जो कण केसाइतका जाड, त्याने केस कापणारी धार कशी निघणार? तो पात्याला ओरखडे पाडील आणि धारेला दाते आणील. राजुरा-कोरपन्याकडचा चुनखडक बारीक आहे, पण त्यातले कॅल्साइट पोलादाहून मऊ, त्यामुळे तो पाते झिजवत नाही. वरोऱ्याकडच्या बेसाल्टमध्ये कमी-अधिक कठीण खनिजे एकत्र असतात, त्यामुळे घासणी एकसारखी होत नाही. सुरजागडच्या लोहखनिजाचे पट्टेही एकजिनसी नाहीत. भोवती दगड मुबलक आहे म्हणून पारख सोपी होत नाही. उलट बहुतेक दगड बाजूला सारावे लागतात.

वस्तऱ्याच्या दगडाला तीन गुण एकत्र लागतात: कण पोलादाला झिजवण्याइतका कठीण, अतिशय बारीक आणि सगळीकडे सारखा. बेल्जियममधला आर्डेनचा पिवळसर दगड युरोपात नावाजला तो मातकट पोटातल्या गार्नेटच्या सूक्ष्म कणांमुळे. अमेरिकेतल्या अर्कान्सासचा दगड सूक्ष्म क्वार्ट्झमुळे. आपल्याकडच्या कामठी नावाच्या खडकथरांतही भरड वालुकाश्माच्या जोडीला अतिशय बारीक, घट्ट, मातकट थर आहेत. असा दगड ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. नख फिरवले की खरखर कळते. पाणी टाकले की तो किती शोषतो ते दिसते. पाते घासल्यावर पाणी काळे झाले, तर पोलाद झिजते आहे. पाणी दगडाच्याच रंगाचे झाले, तर दगडच झिजतो आहे. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते फिरवायचे. पण दगडाने पाडलेला दाता चामडे भरून काढत नाही, म्हणून खरा निवाडा दगडावरच होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वस्तऱ्याच्या दगडाची एकही प्रसिद्ध खाण इथे नाही, मग इतिहास कशाचा लिहायचा? शिवाय चांगला दगड व्यापाऱ्याकडूनही येऊ शकतो. दोन्ही गोष्टी मान्य केल्या तरी मुद्दा ढळत नाही. ओढ्यातून उचललेल्या दगडावर जकात बसत नाही, म्हणून दप्तरात त्याची नोंद होत नाही. आणि विकत घेतलेला दगडही पारखूनच घ्यावा लागतो. पारखीची परंपरा खाणीहून जुनी असू शकते, हे चंद्रपूरजवळच्या पापामिया टेकडीवर सापडलेली अश्मयुगीन हत्यारे सांगतात: कोणता दगड नीट फुटतो, हे ती घडवणाऱ्यांना ठाऊक होते. विदर्भातच नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडला इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंडाची भट्टी उत्खननात सापडली. लोखंड आले, तरी दगडाचे काम संपले नाही; फक्त बदलले.

ते संपवले कारखान्याने. 1891 मध्ये एडवर्ड अॅचेसन यांनी कार्बोरंडम तयार केले आणि धारेचा दगड ठरावीक कणाचा, साच्यातला मिळू लागला. पुढे बदलत्या पात्यांनी धार लावण्याची गरजच काढून टाकली. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते हा नियम रक्तातून पसरणारे रोग टाळतो, म्हणून तो योग्यच आहे, आणि जुन्या वस्तऱ्याकडे परत जा असे कुणी सांगू नये. पण नोंद ठेवण्याला ही अडचण नाही. लोहाराची भाती आणि घण संग्रहालयात येतात, तेव्हा न्हाव्याच्या धोकटीतला झिजलेला दगडही यावा, आणि तो कोणत्या खडकाचा, कुठून आणलेला, हे त्याच्याशेजारी लिहिलेले असावे. खडक ओळखला, की स्थानिक दगड कोणता आणि व्यापारातून आलेला कोणता, हे ठरवता येईल. ज्यांनी हे ज्ञान बाळगले त्या बलुतेदारांचा इतिहास लिहायला तेवढा भक्कम पुरावा हाती येईल.