तिकिटाचे बदलते रूप आणि प्रवाशाची जबाबदारी : मुंबई उपनगरी रेल्वेच्या तिकीट-व्यवस्थेचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली. त्यानंतर १८६७ मध्ये विरार ते बॅकबे अशी उपनगरी गाडी सुरू झाली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेवर चालणारी पहिली गाडी आली. रेल्वेच्या इतिहासलेखनात लोहमार्ग, घाटातील बोगदे, ब्रिटिश भांडवल आणि कामगारांचे संप यांना यथायोग्य स्थान मिळाले आहे. तथापि सामान्य प्रवाशाचा रेल्वे प्रशासनाशी जो सर्वांत नित्याचा संबंध येतो, तो ना इंजिनाशी असतो, ना मंडळाच्या निर्णयांशी. तो असतो तिकिटाशी. या छोट्याशा वस्तूचा इतिहास मात्र बहुतांशी संग्राहकांच्या छंदापुरताच मर्यादित राहिला आहे.

जुलै २०२५ मध्ये भारतीय रेल्वेने ‘रेलवन’ हे नवे मोबाईल ॲप सादर केले. तोपर्यंत मुंबईतील लोकलचा प्रवासी ‘यूटीएस’ या ॲपला सरावला होता. नव्या रचनेमुळे ‘आता तिकीट कोठे आणि कसे काढावयाचे’ हा प्रश्न फलाटावर पुन्हा एकदा ऐकू येऊ लागला. हा प्रश्न नवा नाही. तिकिटाचे रूप बदलले तेव्हा तेव्हा तो उपस्थित झाला आहे. अशा प्रत्येक बदलाचे समर्थन प्रवाशांच्या सोयीच्या भाषेत केले गेले. परंतु प्रत्येक बदलाबरोबर तिकीट तयार करण्याच्या कामाचा काही भाग रेल्वेकडून प्रवाशाकडे सरकला आणि त्या कामातील चुकीची जबाबदारीही त्याच्याकडे गेली, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

पुठ्ठ्याचे तिकीट : कारकुनावरील नियंत्रण

रेल्वेच्या प्रारंभीच्या काळात इंग्लंडमध्ये कारकून प्रत्येक प्रवाशासाठी हाताने तिकीट लिहीत असे. ही पद्धत वेळखाऊ होती आणि जमा झालेल्या पैशांचा पडताळा घेण्याचे साधनही तीत नव्हते. थॉमस एडमन्सन या मूळच्या सुतारकाम करणाऱ्या गृहस्थाने १८३० च्या दशकाच्या अखेरीस न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेच्या एका लहान स्थानकावर काम करीत असताना यावर उपाय शोधला. त्याने जाड पुठ्ठ्याचे, आधीच छापलेले व अनुक्रमांक घातलेले तिकीट आणि त्यावर दिनांक उमटविणारे यंत्र तयार केले. हे तिकीट सुमारे ५७ मिलिमीटर लांब व ३० मिलिमीटर रुंद होते. पुढे हीच पद्धत जगभरातील रेल्वे कंपन्यांनी स्वीकारली आणि भारतातही ती दीर्घकाळ टिकली.

या तिकिटाचे खरे महत्त्व त्याच्या अनुक्रमांकात होते. पाळी सुरू होतानाचा क्रमांक आणि पाळी संपतानाचा क्रमांक यांच्या वजाबाकीवरून किती तिकिटे विकली गेली हे कळे. तेवढी रक्कम गल्ल्यात असणे आवश्यक होते. म्हणजे पुठ्ठ्याचे तिकीट हे मुख्यतः कारकुनावर नियंत्रण ठेवण्याचे साधन होते. हिशेब चुकला तर त्याची भरपाई कारकुनाच्या खिशातून होई. प्रवाशाचे काम एवढेच होते, की मिळालेले तिकीट सांभाळावे आणि मागताच दाखवावे.

खिडकीवरील व्यवहाराचे मौखिक स्वरूप

या काळातील तिकीट-खिडकीचे एक वैशिष्ट्य सहसा दुर्लक्षित राहते. तेथील व्यवहार मौखिक होता. ‘एक दादर रिटर्न’ एवढे शब्द उच्चारता आले आणि हातात पैसे असले की काम भागत असे. कारकून मागील खणातून हवे ते तिकीट काढी, यंत्रात घालून त्यावर दिनांक उमटवी आणि जाळीखालून पुढे सरकवी. स्थानकाचे नाव वाचता येणे, नकाशावर ते शोधता येणे किंवा भाड्याचे कोष्टक समजणे प्रवाशाला आवश्यक नव्हते.

गिरणगावात कोकण आणि घाटावरून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या कामगाराला मुंबईची लोकल वापरता आली, याचे एक कारण हे आहे. वाचन-लेखनाचा सर्व भार खिडकीच्या आतल्या माणसाने उचलला होता. अर्थात खिडकीला दोषही होते. लांबच लांब रांगा, सुट्या पैशांवरून होणारे वाद आणि क्वचित उर्मट वागणूक हा प्रवाशांचा नित्याचा अनुभव होता. त्यामुळे पुढील सुधारणांचे स्वागत झाले, हे स्वाभाविकच होय.

कूपन आणि स्वयंचलित यंत्र : काम सरकण्याचा प्रारंभ

रांगेवरील उपाय म्हणून मुंबईत कूपन पद्धती आली. प्रवाशाने निरनिराळ्या किमतीच्या कूपनांची पुस्तिका आधीच विकत घ्यावी, प्रवासाच्या वेळी भाड्याइतकी कूपने स्थानकावरील यंत्रात घालावीत आणि त्यांवर स्थानक, दिनांक व वेळ उमटवून घ्यावी, अशी ही रचना होती. आता भाडे किती हे प्रवाशाने जाणून घ्यावयाचे होते, कूपनांची बेरीज त्याने करावयाची होती आणि शिक्काही त्यानेच उमटवावयाचा होता. कारकुनाची तीन कामे अशा रीतीने प्रवाशाकडे आली. यंत्राची शाई फिकी उमटली तर तपासनीसासमोर खुलासा करण्याची वेळही प्रवाशावरच येई. ही पद्धत २०१५ मध्ये इतिहासजमा झाली.

दरम्यान २००२ मध्ये दिल्ली परिसरातून संगणकीकृत अनारक्षित तिकीट प्रणाली सुरू झाली होती. ती देशभर पसरली तशी पुठ्ठ्याच्या तिकिटाची जागा संगणकाने छापलेल्या कागदी तिकिटाने घेतली. त्यानंतर स्पर्शपटल असलेली स्वयंचलित तिकीट यंत्रे व त्यांसाठीची स्मार्ट कार्डे आली. येथे प्रवाशाला स्थानक पडद्यावर शोधावे लागले. मौखिक व्यवहार वाचनाचा झाला. या बदलाची एक बोलकी साक्ष रेल्वेच्याच निर्णयातून मिळते. या यंत्रांजवळ प्रवाशांना तिकीट काढून देण्यासाठी निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना कमिशनवर साहाय्यक म्हणून नेमावे लागले. यंत्र बसविल्यानंतरही ‘एक दादर रिटर्न’ असे ज्याला सांगता येईल, अशा माणसाची गरज उरलीच होती.

मोबाईलवरील तिकीट : सोय आणि संशय

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत यूटीएस ॲपद्वारे तिकीट काढण्याची सोय झाली. प्रारंभी मोबाईलवर तिकीट काढून ते स्थानकावरील यंत्रातून छापून घ्यावे लागे. त्यामुळे रांग टळली, तरी यंत्र टळले नाही. २०१५ च्या जुलैमध्ये कागदविरहित तिकीट आले आणि प्रथमच लोकलचे तिकीट वस्तू म्हणून नाहीसे झाले.

या रचनेतील सर्वांत लक्षणीय बाब म्हणजे अंतराची अट होय. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या साहाय्याने प्रवासी रुळांपासून काही अंतर दूर आहे, याची खात्री झाल्यावरच तिकीट मिळत असे. तपासनीस दिसल्यावर धावत्या गाडीत तिकीट काढले जाऊ नये, हा यामागील हेतू होता. परंतु मुंबईची अनेक स्थानके अरुंद रस्त्यांना आणि बाजारपेठांना खेटून आहेत. धावतपळत स्थानकात शिरलेल्या प्रवाशाला ॲप तिकीट नाकारी आणि पुन्हा रस्त्यावर जाण्यास भाग पाडी. बाहेरच्या बाजूसही मर्यादा होती. उपनगरी क्षेत्रात ती आरंभी दोन किलोमीटर होती, नोव्हेंबर २०२२ मध्ये पाच किलोमीटर झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये बाहेरची मर्यादा काढून टाकण्यात आली. आतील मर्यादा मात्र कायम ठेवण्यात आली. स्थानकात आलेल्यांसाठी भिंतीवर क्यूआर संकेताचे फलक लावण्यात आले. पण त्या संकेताचे छायाचित्र जवळ बाळगून गाडीतच तिकीट काढण्याचे प्रकार उघडकीस आले. सोयीसाठी उघडलेल्या दारातून संशयाला पुन्हा कारण मिळाले.

सोय आणि संशय यांचे हे साहचर्य मुंबईला नवे नाही. १८७४ मध्ये कुलाबा-पायधुणी मार्गावर घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा आरंभी तिकीटच दिले जात नव्हते. फुकट प्रवास करणाऱ्यांची संख्या वाढल्यावर त्याच वर्षी तिकीट आले. म्हणजे शहराच्या सार्वजनिक वाहतुकीत तिकिटाचा जन्मच मुळी अविश्वासातून झाला. फरक असा, की ट्रामच्या काळात अविश्वासाचा खर्च कंपनीने तिकिटे छापून आणि वाहक नेमून सोसला. अंतराच्या अटीत तो खर्च प्रामाणिक प्रवाशाच्या वेळेतून वसूल झाला.

महासाथीच्या काळातील अनुभव

करोनाच्या महासाथीत तिकिटाच्या स्वरूपाला आणखी एक पदर जोडला गेला. मार्च २०२० मध्ये बंद झालेली लोकल जूनमध्ये केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्या नागरिकांना प्रवासाची मुभा मिळाली आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये यूटीएस ॲप राज्य शासनाच्या सार्वत्रिक प्रवासपत्राशी जोडण्यात आले. भाडे भरल्याचा पुरावा असलेले तिकीट या काळात पात्रतेचाही पुरावा झाले. आरोग्याच्या दृष्टीने ही व्यवस्था आवश्यक असेल. तथापि पैसे देणारा प्रत्येक जण प्रवासी, हे पुठ्ठ्याच्या तिकिटातील अनामिकतेचे तत्त्व यामुळे प्रथमच मोठ्या प्रमाणावर बाजूला पडले.

एकच दार : रेलवनची रचना

रेलवनमध्ये आरक्षित तिकीट, अनारक्षित तिकीट, फलाट तिकीट, गाडीची स्थिती, जेवणाची मागणी आणि तक्रार अशा अनेक सेवा एकत्र आल्या. जुन्या यूटीएस खात्यानेही त्यात प्रवेश करता येतो आणि संकेतशब्दाऐवजी लहान सांकेतिक अंक किंवा बोटाचा ठसा वापरता येतो. अनेक ॲप बाळगण्याची कटकट यामुळे संपते, हे मान्य केले पाहिजे.

तरीही इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक रचनात्मक बदल दिसतो. स्थानकाच्या जुन्या वास्तुरचनेत लोकलची खिडकी आणि आरक्षण कार्यालय स्वतंत्र असे. त्यामागे अनुभवातून आलेले शहाणपण होते. आरक्षण करणारा प्रवासी साठ दिवस आधी, सवडीने येतो. लोकलच्या प्रवाशाजवळ दोन मिनिटे असतात. नव्या रचनेत या दोघांना एकाच दारातून आत घेतले आहे. घाईतील माणसाला आपली ‘खिडकी’ अनेक चिन्हांच्या गर्दीत शोधावी लागते.

दुसरा बदल काळाच्या गतीचा आहे. पुठ्ठ्याच्या तिकिटाची जागा छापील कागदाने घेण्यास काही वर्षे लागली. तेवढ्या अवधीत जुनी व नवी पद्धत शेजारी शेजारी नांदली आणि लोकांनी एकमेकांकडे पाहून नवी रीत आत्मसात केली. ॲपचे रूप मात्र एका रात्रीत बदलते. बोटांना झालेली सवय निरुपयोगी ठरते आणि जुन्या पडद्याचा मागमूसही उरत नाही. शंभर वर्षांपूर्वीचे पुठ्ठ्याचे तिकीट आज हातात घेऊन अभ्यासता येते; २०१४ मधील ॲपचा पडदा त्याच रीतीने हाताळता येत नाही. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी प्रवासी, तिकीट कारकून व तपासनीस यांच्या मौखिक आठवणी संकलित करण्याची निकड यातून स्पष्ट होते.

कायदा आणि जबाबदारी

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ५५ नुसार योग्य तिकीट किंवा पास जवळ असल्याशिवाय प्रवास करता येत नाही, आणि विनातिकीट प्रवासासाठी भाड्याव्यतिरिक्त किमान २५० रुपये अधिभार भरावा लागतो. ‘तिकीट जवळ असणे’ ही कल्पना पुठ्ठ्याच्या काळातील आहे. पुठ्ठा पावसात भिजला तरी वाचता येई. मोबाईलची विद्युत्घटमाला संपली तर पैसे भरलेला, रेल्वेच्या संगणकात नोंद असलेला प्रवासीही तिकीट दाखवू न शकल्याने विनातिकीट समजला जातो.

येथे एक विसंगती लक्षात येते. एडमन्सनच्या पद्धतीत विक्रीची नोंद रेल्वेकडे होती आणि त्या नोंदीच्या आधारे कारकुनाला जबाबदार धरले जाई. आजही नोंद रेल्वेकडेच आहे, किंबहुना ती पूर्वीपेक्षा अधिक तपशीलवार आहे. परंतु तिचा आधार प्रवाशाला सहजासहजी मिळत नाही. नोंद संस्थेची आणि पुराव्याची जबाबदारी व्यक्तीची, अशी ही विभागणी आहे. नैसर्गिक न्यायाच्या दृष्टीने तिचा फेरविचार होणे आवश्यक आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की एडमन्सनच्या पुठ्ठ्यापासून रेलवनपर्यंतच्या प्रवासात रांग कमी झाली, सुट्या पैशांचे भांडण मिटले आणि लक्षावधी लोकांचा वेळ वाचला. हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याच प्रवासात मोजणे, शोधणे, वाचणे, शिक्का उमटविणे आणि पुरावा जिवंत ठेवणे ही सर्व कामे एकेक करून प्रवाशाच्या पदरात पडली. ज्याला ती पेलतात, त्याला हा बदल सोयीचा वाटतो. ज्याला पेलत नाहीत, तो वृद्ध, निरक्षर किंवा साधा फोन बाळगणारा प्रवासी खिडकीकडे वळतो.

म्हणून तिकीट-खिडकी ही मागील युगाचा अवशेष समजून बंद करावयाची वस्तू नव्हे. केवळ शब्दांच्या आधारे प्रवासाचा हक्क मिळविण्याची ती उरलेली जागा आहे. नव्या रचनेचे मूल्यमापन करताना किती तिकिटे मोबाईलवर निघाली, या आकड्याबरोबरच किती खिडक्या उघड्या आहेत, हाही आकडा विचारला गेला पाहिजे. गिरणगावातल्या कामगाराला जे दोन शब्दांत साधत होते, ते त्याच्या नातवंडांच्या शहरात कोणालाही अशक्य होऊ नये, हीच सार्वजनिक वाहतुकीच्या ‘सार्वजनिक’ या विशेषणाची कसोटी होय.