मेलेल्यांच्या दगडी घरांची कुळकथा

जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंगहून पूर्वेची वाट धरली की काळी नदीच्या खोऱ्यातलं दाट रान मागं पडत जातं. जांभ्याची तांबडी जमीन संपते, धारवाड-गदगची काळी रानं लागतात, आणि कोप्पळ ओलांडल्यावर तुंगभद्रेच्या खोऱ्यात ग्रॅनाइटच्या उघड्या टेकड्या दिसू लागतात. गंगावती तालुक्यातल्या हिरेबेणकल गावाजवळ अशाच एका टेकडीवर सुमारे 400 दगडी बांधकामं आहेत. त्यांतली पुष्कळशी घरासारखी दिसतात. उभ्या शिळांच्या भिंती आणि वर आडवी शिळा, हेच छप्पर. काहींच्या दर्शनी शिळेला वाटोळं भोक पाडलेलं आहे. काही घरं गुडघ्याएवढी आहेत, तर काहींचं छप्पर माणसाच्या डोक्यावरून जातं. अभ्यासकांनी त्यांचा काळ साधारण इ.स.पू. 800 ते इ.स.पू. 200 असा धरला आहे. ही मृतांसाठी उभारलेली वसाहत आहे. पण माणसाला मेल्यावर घर द्यावं, ही कल्पना आली कुठून?

तिचं मूळ शोधायचं तर आधी जिवंत माणसांच्या घरात डोकवावं लागतं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं. निघालं ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव. या गावाला स्मशान नव्हतं. माणूस गेला की त्याला घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांच्या पोटात त्या लेकराला निजवायचं. मोठ्या माणसांना उताणं निजवलं जाई, मात्र त्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली आढळली. मेलेला उठून निघून जाऊ नये, त्यानं घरातच राहावं, असा ढवळीकरांनी त्याचा अर्थ लावला. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र न भाजलेल्या मातीचा, चार पायांचा रांजण मिळाला. त्याला माणसासारखं पोट होतं आणि आत बसलेल्या स्थितीतला पुरुषाचा सांगाडा होता. त्याची पावलं शाबूत होती.

ही रीत एकट्या महाराष्ट्राची नव्हती. बळ्ळारी भागात तेक्कलकोटे इथं, टेकडीवर राहणाऱ्या नवाश्मयुगीन लोकांच्या वस्तीतही मृतांना घरांच्या आसपासच पुरलेलं आढळलं. म्हणजे दख्खनच्या पठारावर, लोखंड येण्याआधी, मेलेला माणूस घरातच राहत होता. पुढं लोखंड आलं, घोडा आला, माणसांत मानमरातब वाढला, आणि मृतांची जागा वस्तीबाहेर गेली. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत हळवा टप्पा वाटतो. मृताला घराबाहेर नेलं, तेव्हा लोकांनी त्याला उघड्यावर टाकलं नाही. स्वतः मातीच्या झोपडीत राहत होते ते तसेच राहिले आणि त्याच्यासाठी दगडाचं घर बांधलं.

घर कसं असावं, ते पुढं दगडानं ठरवलं. हिरेबेणकलच्या ग्रॅनाइटचे पापुद्रे सुटतात. उन्हापावसानं खडकाचा वरचा थर सुटा होत जातो, भेगेत पाचर ठोकून तो उचकटला की सपाट शिळा हाती येते. अशा शिळेची भिंत होते आणि छप्परही होतं. टेकडीवर एक तळं आहे, तेही मुळात या बांधकामांची खाणच होती. खडक काढून झाल्यावर खोलगट जागेत पाणी साठलं. चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या ब्रह्मगिरीला मॉर्टिमर व्हीलरनं 1947 साली अशी घरं खणली, तेव्हा त्यांच्या जोडणीची युक्ती स्पष्ट झाली. चार शिळा स्वस्तिकाच्या आकारात उभ्या करायच्या, म्हणजे प्रत्येक शिळेचं टोक शेजारच्या शिळेला टेकू देतं. बाहेरून मातीचा दाब आला तरी एकही शिळा आत पडत नाही. चुना नाही, खिळा नाही, आणि अडीच हजार वर्षं ही जोडणी टिकली.

विदर्भात काळ तोच आणि लोखंडही तेच, पण दगड वेगळा. नागपूरच्या आसपास बसाल्ट आहे, त्याचे गोटे निघतात, शिळा निघत नाहीत. म्हणून तिथल्या लोकांनी मृताभोवती गोट्यांचं मोठं रिंगण केलं आणि आत दगडमातीची भर घातली. नागपूरजवळच्या जुनापाणीला अशी शेकडो शिलावर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नाकनं 1879 मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं. पुढं शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नैकुंड इथं उत्खनन केलं. माहुरझरीच्या वर्तुळात माणसांसोबत घोडाही पुरलेला मिळाला, तोंडावर तांब्याचे दागिने आणि लोखंडी लगाम यांसकट. पेंच नदीकाठच्या नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, म्हणजे या वर्तुळांतली हत्यारं इथंच घडत होती. पूर्वेकडं, चंद्रपूर आणि भंडाऱ्याच्या बाजूला, बसाल्ट विरळ होत जातो, आणि तिथं हिरापूर, पिंपळगाव अशा ठिकाणी शिळांची घरं पुन्हा भेटतात. केरळात जांभा आहे. तो खणताना मऊ असतो आणि वाऱ्याला लागला की कठीण होतो. तिथल्या लोकांनी जांभा कोरून जमिनीखाली खोल्या केल्या, किंवा छत्रीसारखा घुमटाकार दगड घडवून वर ठेवला. त्रिशूरजवळच्या अरियन्नूरला या दगडी छत्र्या आजही पाहता येतात. मन एकच होतं, हाताला लागेल तो दगड त्यानं वापरला.

या घरांचं खरं मर्म मला त्या वाटोळ्या भोकात दिसतं. ब्रह्मगिरीच्या पेटीसारख्या घरांत हे भोक बहुधा पूर्वेच्या शिळेला असे. आत एका माणसाचा अख्खा सांगाडा क्वचितच मिळतो. अनेकांची हाडं एकत्र असतात आणि सोबत काळी-तांबडी मडकी, लोखंडी हत्यारं, मणी. देह आधी दुसरीकडं ठेवायचा, मांस झडलं की हाडं गोळा करून आत आणायची, असा त्यावरून अंदाज निघतो. मग भोक कशासाठी? पुन्हा यायचं होतं म्हणून. घरातलं पुढचं माणूस गेलं की त्याच दारानं त्याला आधीच्यांजवळ पोचवता यावं, म्हणून. ज्या थडग्याला दार ठेवलेलं असतं, ते बांधणाऱ्यांनी मेलेल्याशी नातं तोडलेलं नसतं. इनामगावात पावलं तोडून मृताला घरात अडवून ठेवणारे आणि इथं दार उघडं ठेवणारे लोक एकाच मायेनं वागत होते, असं मला मनापासून वाटतं.

फिलिप मेडोज टेलर या इंग्रजानं निजामाच्या नोकरीत असताना सुरपूर भागात अशी पुष्कळ बांधकामं पाहिली, खणली आणि मोजून काढली. त्यानं 1860च्या दशकात लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांना केल्टिक, ड्रुइडी किंवा सिथियन म्हटलं. त्याला मायदेशाकडची दगडी घरं आठवत होती. वेल्समध्ये पेम्ब्रोकशर भागात डोंगरउतारावर पेंत्रे इवान हे दफनघर आहे. त्याची 16 टनांहून जड छपराची शिळा तीन उभ्या दगडांच्या टोकांवर तोललेली आहे. पण पेंत्रे इवान इ.स.पू. 3500च्या सुमाराचं, म्हणजे हिरेबेणकलपेक्षा अडीच हजार वर्षांहून जुनं. त्याच्या बांधकाऱ्यांना लोखंड ठाऊकच नव्हतं. कुणी कुणाकडून शिकलं नाही. मरणाच्या प्रश्नाला दोन दूरदेशच्या शेतकऱ्यांनी आपापलं उत्तर शोधलं आणि ती उत्तरं जुळली. हे जुळणं कोणत्याही स्थलांतराच्या गोष्टीपेक्षा मला मोठं वाटतं.

बांधणारे विसरले गेले, तेव्हा नंतरच्या लोकांनी घरांना धनी शोधले. वेल्समध्ये गावर भागातल्या डोंगरावरच्या अशाच एका दगडाला राजा आर्थरचं नाव मिळालं. आपल्याकडं तो मान पांडवांना गेला. गोकाकजवळ घटप्रभेकाठी कोण्णूरची दगडी घरं पांडवांची समजली जातात. हिरेबेणकलची टेकडी ‘मोर्यर गुड्डा’, म्हणजे मोर्यांची टेकडी. हे मोर्य अंगानं बुटके आणि ताकदीनं अचाट होते, असं लोक सांगत आले. एवढ्या ठेंगण्या घरांत राहणार कोण आणि एवढ्या जड शिळा उचलणार कोण, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या एका गोष्टीत आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावरही या दगडी घरांच्या काळाच्या खुणा आहेत. शिवमोग्गा जिल्ह्यात होसनगर तालुक्यातल्या बैसे आणि निलसकल इथं उंच दगडांच्या मांडण्या उभ्या आहेत. श्रीकुमार मेनन आणि मयंक वाहिया यांनी त्या तपासल्या, तेव्हा काही दगडांच्या जोड्या अयनदिनांच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या दिशेला लागून आढळल्या.

मृतांसाठी दगड उभारण्याची रीत पुरती संपलेलीही नाही. गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला आणि बस्तरात माडिया लोक आजही आपल्या मृतांसाठी दगड उभा करतात. झारखंडात मुंडांच्या कुळांची दगडी स्मशानं, सासनदिरी, आजही वापरात आहेत. तिथं कुळातल्या माणसाच्या अस्थी कुळाच्याच दगडाखाली जातात. दगडी घराच्या भोकाचा जो अर्थ पुराणवस्तूंवरून जुळवावा लागतो, तो या लोकांना जगण्यातून माहीत आहे.

पेंत्रे इवानला ब्रिटनच्या 1882च्या पहिल्याच स्मारक-संरक्षण कायद्याचं छत्र मिळालं. हिरेबेणकलचं नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत 2021 साली आलं. यादीत नसलेली कितीतरी वर्तुळं आणि शिळा शेतांत, माळावर, गावठाणाच्या कडेला आहेत. खाण, रस्ता, प्लॉट यांच्या वाटेत त्या येतात आणि एका दिवसात हलवल्या जातात. एकदा जागा सोडली की त्या दगडांतून काही वाचता येत नाही, कारण कोणती शिळा कोणाला टेकली होती आणि भोक कोणत्या दिशेला होतं, त्यातच सगळी माहिती असते. म्हणून विदर्भापासून बेळगाव-कारवारच्या डोंगरांपर्यंत कुणालाही रानात असं रिंगण किंवा शिळांची मांडणी दिसली, तर त्यानं ती आहे तशी ठेवावी, खजिन्याच्या आशेनं खणू देऊ नये, आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवावं. कुळकथा सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही; उरलेत ते हे दगड, आणि ते जिथल्या तिथं असले तरच त्यांचं सांगणं आपल्याला कळेल.